पहिल्या पदकाचा अंदाज

बाबांचा डावा हात चिठ्ठ्यांवरून फिरत होता आणि दोघं भावंडं श्वास रोखून पाहत होती. पलंगावर आडव्या ठेवलेल्या फळीवर आठ चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत एका देशाचं नाव. समोर टीव्हीवर स्पर्धेतल्या पहिल्यावहिल्या पदकाची तयारी चालली होती. नेमबाजी, महिलांची एअर रायफल, अंतिम फेरी.

"उगाच दमवतेयस त्यांना, ताई," भाऊ म्हणाला. "चिठ्ठी उचलली म्हणजे समजलं असं नाही होत. तान्हं मूलही उचलतं."

"बाबा तान्हे नाहीत."

"तेच तर ठरवायचंय ना?"

बाबांची सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर झाली. मोठी स्पर्धा आली की पहिल्या दिवशी पदकं कुणाला, हा अंदाज त्यांनीच लिहायचा. शेवटच्या दिवशी कुणीही शहाणा होतो, म्हणायचे. कचेरीत त्यांना ज्योतिषी म्हणत आणि ते चिडत. "ज्योतिषी ग्रह बघतो. मी खांदे बघतो."

पक्षाघातानं उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात निदान ते लेकीचा हात दाबून होकार द्यायचे. तिनं नोकरीचा राजीनामा दिला, त्यांना घरी आणलं, आणि तेही बंद झालं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. डोळे मिटा, बोट हलवा, म्हणाले. बाबा भिंतीकडे पाहत राहिले. समज गेलेली दिसते, असं डॉक्टर दाराशी हळू आवाजात म्हणाले.

भाऊ वाईट नव्हता. त्यानं स्वतः फिरून एक चांगली संस्था पाहिली होती. परिचारिका, व्यायाम करून घेणारे लोक, मागे बाग. तिथली खोली आज ठरवली नाही तर जाणार होती. "त्यांना काही कळत असतं तर मी हे बोललोच नसतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पण तू आरशात बघ एकदा. कशासाठी चाललंय हे?"

"त्यांना कळतं. मला माहितेय."

"दाखव मग."

म्हणून या चिठ्ठ्या. सकाळची पात्रता फेरी बाबांच्या डोळ्यांसमोर झाली होती. निदान डोळे पडद्याकडे होते. आता अंतिम आठांमधून त्यांनी तीन निवडायचे. एक जरी पदक बरोबर आलं, तरी भाऊ परत जाणार आणि पुन्हा विषय काढणार नव्हता.

बाबांचा हात थांबला. त्यांनी एक चिठ्ठी ओढून डावीकडे ठेवली. मग दुसरी. तिसरीवर बोट बराच वेळ टेकून राहिलं, सरकलं, शेजारच्या चिठ्ठीवर गेलं. ती ओढली.

सर्बिया. इराण. मंगोलिया.

"सर्बियाला सुवर्ण!" भाऊ हसला. "बाबा, एवढ्यावर तर पेपर बंद पडला असता."

पडद्यावर आठ जणी रांगेत उभ्या राहिल्या.

या फेरीचा नियम सोपा आणि निर्दय. सुरुवातीचे नेम झाले की मग दर दोन नेमांनंतर जी सगळ्यांत मागे, ती बाहेर. शेवटी उरणाऱ्या तिघींना पदकं. बहीण पलंगाच्या कडेला बसली. तिच्या बोटांत तिच्याच ओढणीचं टोक होतं आणि ते ती पिळत होती. सुरुवातीला सर्बियाची नेमबाज चौथी होती. बहिणीला बरं वाटलं. मग पाचवी. मग अचानक तळाला.

पहिली बाद झाली ती सर्बियाची.

"चल, दोन आहेत अजून," ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

इराणची मुलगी नेम धरून उभी राहिली, रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली. समालोचकाचा आवाज खाली आला. गोळी सुटली. ती बाद.

भाऊ आता पडद्याकडे पाहत नव्हता. तो बहिणीकडे पाहत होता. मंगोलिया आणि जर्मनी यांच्यात केसाचं अंतर होतं. जर्मनीचा नेम मध्यावर बसला. मंगोलियाच्या मुलीनं रायफल ठेवली आणि हात हलवून प्रेक्षकांचा निरोप घेतला.

टीव्ही चालूच राहिला. पदकं अजून कुणालाच मिळाली नव्हती, पण या खोलीतली स्पर्धा संपली होती.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग फोन काढला आणि खिडकीशी गेला. "हो, मीच. खोली ठेवा. आजच आणतो."

ती चिठ्ठ्या गोळा करायला वाकली आणि तिचा हात तसाच राहिला.

"पहिली कोण बाद झाली रे?"

"आता काय त्याचं?"

"सांग ना."

"सर्बिया. मग इराण. मग मंगोलिया."

तिनं फळी त्याच्याकडे वळवली. तीन चिठ्ठ्या बाबांनी ठेवल्या होत्या तशाच, डावीकडून उजवीकडे, होत्या. भावानं त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. फोन कानापासून खाली आला.

"बाबा," ती म्हणाली. "हरायचंच होतं, तर एखादी तरी चुकवायची."

फोनमधून आवाज येत होता, "हॅलो? मग गाडी पाठवू ना?"

बाबांनी भिंतीवरची नजर काढली. आधी लेकीकडे पाहिलं, बराच वेळ. मग डावा हात उचलून त्यांनी मुलाला खूण केली, हो म्हण.