न दिसलेलं तोंड

बायकोला न्यायला तो तिच्या प्रयोगशाळेत गेला, तर काचेपलीकडे एका सहकाऱ्यानं तिच्यापुढे आरशासारखं काहीतरी धरलेलं. ती त्यात डोकावली, खुदकन हसली आणि तिनं त्या सहकाऱ्याला टाळी दिली. नवऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

घरी येताच त्यानं विचारलं, "आरशात एवढं काय बघत होतीस?"

"आरसा कुठला! सोलर पॅनेलमधली चकती ती." तिनं पर्समधून तीच काढून दिली. "गुळगुळीत असली की उजेड परत फेकते, वीज कमी बनते. म्हणून ॲसिडमध्ये घालून खडबडीत करतो. वर्षभर त्यात मेलं माझंच तोंड दिसायचं. आज नाही दिसलं!"

त्यानं चकती दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली. काळीकुट्ट. त्याचंही तोंड दिसेना.

"बरं, पटलं. पण त्याला टाळी कशाला दिलीस?"

टाळीसाठी नवऱ्यापुढे आलेला तिचा हात मागे गेला.