फोटोतला फौजी

पत्रकार अनुपनं कॅमेरा स्टँडवर चढवला आणि बजावलं, आता सगळं थेट लोकांच्या मोबाइलवर जाणार, मध्ये थांबता येणार नाही. मोतीरामनं सदऱ्याची कॉलर सारखी केली.

ललिताला वावरात पिटाळायचा त्यानं बराच प्रयत्न केला होता. बायको समोर असली की त्याला दोन शब्द धड सुचत नसत. पण अकोल्याच्या जठारपेठेतून पत्रकार येणार, त्याला चहा कोण देईल, असं म्हणून ती चुलीपाशी बसून राहिली.

सगळी भानगड एका फोटोची. चिखलदऱ्याच्या बाजूला लढाईच्या एका सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा गर्दीसाठी तेल्हाऱ्याकडची माणसं ट्रकात भरून नेली होती. मोतीरामची भरती सैनिकांत झाली, ललिताची स्वयंपाकात; सैनिक कमी पडले की स्वयंपाकातल्यांच्या अंगावरही वर्दी चढवत. सिनेमा आला तसा गेला, पण त्यातल्या एका फोटोनं कहर केला. मागे धूर, पळापळ; आणि खंदकात एकच सैनिक, चिखलानं माखलेला, टोप भुवयांपर्यंत उतरलेला. असा काही वैतागून बघतोय की लढाईपेक्षा मोठा ताप त्याच्या समोर उभा असावा. कुणीतरी खाली लिहिलं, 'आता काय बाप्पा?' आणि अख्खं वऱ्हाड त्यावर तुटून पडलं. कपाशीवर बोंडअळी आली, टाक फोटो. लाइन गेली, टाक फोटो. जावई मुक्कामाला आला, तरी तोच फोटो.

हा आपला मोतीरामच, असं ठरवून गावानं त्याच्या गळ्यात हार घातला आणि त्यानं मान पुढे केली. जन्मभर ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, त्याला लोक बोलावून चहा पाजू लागले. लेक मायाची सोयरीकही त्याच लाटेत जुळली. मुलाचे वडील, धामणगाव रेल्वेचे खुशालराव, म्हणाले होते, फोटोतल्या फौजीची लेक आम्हाला डोळे झाकून पसंत आहे. आज ते सगळं घर गोळा करून मोबाइलसमोर बसले होते. साखरपुडा तोंडावर आला होता. आपल्या हातून काही वेडंवाकडं झालं तर लेकीचं कसं होईल, या धास्तीनं मोतीरामला घास गिळवत नव्हता.

अनुपनं विचारलं, फोटोत तर मिशा आहेत.

"चिकटवेल होत्या," मोतीराम म्हणाला. "सगळ्याईलेच."

"बरं काका, आता तोच चेहरा करून दाखवा."

मोतीरामनं भुवया उचलल्या, ओठ मुडपले. दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. अनुप म्हणाला, पुन्हा करा. पुन्हा केलं, तर आणखी बिघडलं. पाहणारे खाली भराभरा लिहीत होते. कुणीतरी लिहिलं, हा माणूस तो वाटत नाही. अनुपनं तेही वाचून दाखवलं. मोतीरामचा सदरा पाठीला चिकटला. दाराआड उभ्या मायाकडे त्याला बघवेना.

काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"आता इथं कसा जमंल तो चेहरा? तिथं खरेखुरे बॉम्ब फुटून राहिले होते," तो घाईघाईनं म्हणाला. "चांगले चांगले पळाले. मी एकटा जागचा हाललो नाई."

ललिता चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. हातात ट्रे धरून वैतागून नवऱ्याकडे बघत राहिली.

अनुपची नजर सहज तिच्याकडे गेली आणि तिथंच राहिली. त्यानं खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला, फोटो बघितला, ललिताला बघितलं. मग हलकेच कॅमेरा दाराकडे वळवला.

"काकू," तो म्हणाला, "तशाच थांबा."

मोतीराम खाली मान घालून बसला. मग एकच ओळ आली, धामणगाव रेल्वेहून, आणि ती अनुपनं मोठ्यानं वाचली: "साखरपुडा पक्का. विहीणबाईले आमचा सॅल्यूट सांगा."