लांब मानेचं पीक

“बाई, ही मशरूम आहेत की जिराफाची पिल्लं?” हॉटेलच्या आचाऱ्याने ट्रे तिच्यापुढे सरकवला. लांबलचक दांडे आणि वर शर्टाच्या बटणाएवढ्या टोप्या. सलग तिसऱ्यांदा माल परत येत होता. “पुढच्या खेपेला असंच आलं तर मी दुसरीकडून घेईन. वाईट वाटून घेऊ नका.”

तिने वाईट वाटून घेतलं नाही. तिला राग आला होता, आणि तो आचाऱ्यावर नव्हता.

माना का लांबतात, हे तिला तोंडपाठ होतं. मशरूमही श्वास घेतं. पेंढा खातं, हवेतला प्राणवायू घेतं आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. बंद खोलीत तो साठला की बिचारं ताज्या हवेच्या शोधात मान उंच करत राहतं आणि टोपी धरायची राहून जाते. म्हणून तर खोलीत मोठा पंखा होता, अष्टौप्रहर घरघरणारा. पंखा ठणठणीत होता. मग तिने हवा मोजून दिवसभराचे आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र आणून पेंढ्याच्या पिशव्यांमागे लपवलं. चार दिवस आकडे पाहिले. सकाळी आठशेच्या आसपास असलेला वायू दुपारी दोननंतर चढायला लागे, चारपर्यंत तीन हजारांच्या पुढे जाई आणि मग उतरे. रोज तेच. दोन ते चार ती माल पोचवायला बाहेर असे. नवरा जहाजावर. घरात एकटे सासरे.

ती खोली मुळात त्यांचीच. चाळीस वर्षं त्यांनी तिथे लोकांचे कपडे शिवले. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हा तिने शिलाई मशीन जिन्याखाली हलवलं आणि खोलीत पिशव्या टांगल्या. त्या दिवशी ते नुसते बघत राहिले होते. दहा महिने ती त्यांना भरवत होती, अंघोळ घालत होती, हाताला मालिश करत होती, आणि समोरून हूं की चूं नाही. बोलायचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या की ते भिंतीकडे तोंड फिरवत.

“बाबा पहिल्यापासूनच डूख धरणारे,” नणंद फोनवर म्हणाली. “खोली घेतलीस त्याचे उट्टे काढतायत. पाठवून दे माझ्याकडे. तू एकटी किती मरशील?”

त्या दुपारी ती रोजच्यासारखी क्रेट घेऊन निघाली, स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि मागच्या दाराने परत आली. घरघर बंद होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलायचं ते ठरलेलंच होतं: उद्या सकाळी बॅग भरते, बाबा, लेकीकडे राहा.

खोलीच्या कडीवर हात ठेवला आणि ती थांबली. आत कुणीतरी बोलत होतं. घोगरा, अडखळणारा, अनोळखी आवाज.

तिने फटीतून पाहिलं. पिशव्यांच्या रांगेपुढे सासरे स्टुलावर बसले होते. एकटेच. तोंड उघडत, एखादं अक्षर बाहेर ढकलत, कान देऊन स्वतःच ऐकत, नाही म्हणून मान हलवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पंख्याच्या घरघरीत त्यांना आपला आवाज ऐकूच येत नसणार. चुकलं की डावी मूठ मांडीवर आपटत. कपाळावरून घाम निथळत होता. जन्मात कधी त्यांनी गिऱ्हाइकाला अर्धवट शिवलेला कपडा दाखवला नव्हता. एक बाही जरा ओढत असली तरी उसवून परत लावायचे, आणि तोवर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

तिच्या रागाचं पाणी पाणी झालं. हॉटेलच्या पिशव्या उद्याच गॅलरीत हलवायच्या, तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि इथल्या? वाढू देत मेल्यांच्या माना हव्या तेवढ्या. फक्त बाबांना कळता कामा नये की तिने ऐकलं. ती मागे वळणार, एवढ्यात आतलं वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं.

“खूप... केलंस माझं, पोरी. दमलीस. बस... जरा.”

दाराबाहेर, जमिनीवर, जराही आवाज न करता ती बसली.