अहवालात सगळीकडे तापीबाई

"संध्या, ही टाकी मी कधी बांधी वं?"

सरपंच तापीबाईंनी कागदावरचं बोट तसंच ठेवून विचारलं. बाहेर मांडवात सव्वीस जानेवारीची ग्रामसभा भरली होती. कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं आणि अहवालाचे कागद प्रिंटरमधून नुकतेच बाहेर पडले होते.

पंचायतीचा संगणक चालवणारी संध्या खुर्चीतच वळली. "ताई, मांगना वरीसनी फाईल व्हती. तिन्हामा रेवाबाईनं नाव शोधं नि तठे तुमनं टाकं. एक बटन दाबं, बठ्ठं बदलाई गयं."

"बठ्ठं?"

"बठ्ठं!" संध्या म्हणाली. शाबासकी मिळायची वाट पाहत ती हसतही होती.

तापीबाईंचं बोट खाली सरकलं. खरंच सगळं बदललं होतं. शाळेचं कुंपण तापीबाईंनी बांधलेलं. अंगणवाडीची खोली तापीबाईंनी उभी केलेली. स्मशानातले सौर दिवेसुद्धा तापीबाईंनीच लावलेले. सरपंच होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता आणि त्या महिन्यात त्यांनी काय केलं म्हणाल, तर खुर्चीची डुगडुगणारी तंगडी बसवून घेतली होती. अहवालात नेमकी तीच नव्हती.

निवडणुकीत मागच्या सरपंच रेवाबाईंविरुद्ध त्यांनी भोंगा लावून गावाला एकच प्रश्न विचारला होता, 'पाच वर्षांत रेवाबाईंनी काय केलं?' लोकांनी टाळ्या दिल्या, मतंही दिली. उत्तर मात्र कुणी दिलं नव्हतं. ते आता त्यांच्या हातात होतं, चांगलं चार पानी.

"ऱ्हाऊ द्या ना ताई," दारातून उपसरपंच इंद्रसिंग म्हणाले. माणूस हुशार, वाऱ्याची दिशा अंगणात न येताही ओळखणारा. "मशीननी करेल शे, आपन थोडंच करं? नि आते तुम्हीनच रेवाबाईनं नाव वाचशात, तं लोके म्हनतीन, मंग तिले पाडं कसाले?"

"ताई, परत छापू का?" संध्याचा चेहरा उतरला होता.

"येळ नही. लोके बठेल शेतस."

अहवाल खरं तर ग्रामसेवकानं वाचायचा. पण गावात बोललं जात होतं, ही फक्त सही करेल, वाचणारा तिचा नवरा. म्हणून तापीबाईंनी हट्टानं सांगितलं होतं, मी वाचीन. सातवीपर्यंतचं वाचन, पण स्वतःचं. आणि पहिल्याच वाचनात दुसऱ्याची टाकी आपल्या नावावर? आयत्या बिळावर नागोबा व्हायला का निवडून आलो आपण?

त्या कागद घेऊन बाहेर गेल्या.

पहिल्या रांगेत रेवाबाई बसली होती, पाठ ताठ, पदर डोक्यावर. पडल्यानंतर महिनाभरात ग्रामसभेला येऊन पुढे बसायचं, याला छाती लागते. शेजारच्या खळ्यावर मिरची वाळत घातली होती. तिचा ठसका लागून मागचे दोघं खोकत होते.

"पाण्याची टाकी," तापीबाईंनी वाचायला सुरुवात केली. कागदावर त्यांचंच नाव होतं. त्यावर बोट टेकवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सरपंच रेवाबाई यांच्या कार्यकाळात पूर्ण."

 इंद्रसिंगांनी मान खाली घातली. तापीबाईंसाठी घरोघर फिरलेले लोक एकमेकांकडे बघू लागले.

"शाळेचं कुंपण. सरपंच रेवाबाई."

संगणकानं एका दमात केलेलं काम त्या एकेका ओळीवर थांबून उलटं फिरवत होत्या. पहिल्या दोन ओळींना आवाज कापला. नंतर कापेना. अंगणवाडीपर्यंत येता येता तो इतका मोकळा झाला, की त्यांचा त्यांनाच अभिमान वाटला. प्रचारात टाळ्या पडल्या तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. रेवाबाई मात्र हललीसुद्धा नाही. कौतुक ऐकताना चेहरा दगडाचा कसा ठेवायचा, ते तिच्याकडून शिकावं.

दुसरं पान उलटलं आणि पुढे आली गटार.

ही गटार लहान पोरालाही ठाऊक होती. उतार चुकला होता. पाणी नाल्याकडे जायच्या ऐवजी परत गल्लीत यायचं. त्याच पाण्यात गुडघाभर उभं राहून तापीबाईंनी फोटो काढला होता, तो पत्रकावर छापला होता आणि खरं सांगायचं तर त्याच्याच जोरावर त्या निवडून आल्या होत्या. मागे कुणीतरी आत्ताच फिसकन हसलं.

तापीबाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पहिल्या रांगेकडे. इतका मान दिल्यावर भर सभेत त्या बाईला चापट मारायची? त्यांच्याच्यानं होईना.

"गावातील गटार, काम पूर्ण," त्या घाईघाईनं म्हणाल्या आणि पान उलटलं. नाव घेतलंच नाही.

"थांब वं तापी."

रेवाबाई उभी राहिली होती. पदर सावरून तिनं आधी मागच्या हसणाऱ्याकडे पाहिलं. तो गप्प झाल्यावर ती समोर वळली.

"आतेपावत मन्हं नाव लिधं, तं आठेच का बरं लपाडं? गटार बी मन्हीच शे. वाच."