एकशे सात नंबरची बरणी

“एकशे सात नंबरची बरणी निघाली, तं काय सांगान?” शालिकरामनं विचारलं.

पुष्पलता रामटेके पॅथॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर डॉक्टरकी बंद आणि भंडाऱ्याच्या एका तलाठ्याशी लग्न, असं घरी ठरलं होतं. तलाठी वाईट नव्हता. त्याला फक्त घाई होती.

परीक्षेला तासभर उरला होता. कॉलेजच्या संग्रहालयात, फॉर्मालिनच्या वासात, अटेंडंट शालिकराम तिची उजळणी घेत होता. मे महिना, लाइन गेलेली, पंखे बंद. तरी त्याची पांढरी टोपी कानांपर्यंत ओढलेली. ती उतरलेली पंधरा वर्षांत कोणी पाहिली नव्हती. एक हात भिंतीला लावून चालायची त्याची सवयही सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

“मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत वाढणारी गाठ. फार दुर्मिळ. फुलकोबीसारखी दिसते. डोक्यात हवा भरून एक्स-रे काढला, तर गाठ असते तिथं हवा शिरत नाही.”

“अन् पेशंटचं काय झालं?”

पुष्पलता अडखळली. बरणीच्या कार्डावर लिहिलं होतं : १९६३. पुरुष, वय २९, विणकर, उमरेड. चालताना झोक जातो. डोक्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखा छेद घेऊन गाठ काढली. रुग्ण दगावला.

“पण काकाजी, ही गाठ कॅन्सरची नाही. पूर्ण निघाली तर माणूस जगायला पाहिजे.”

“हे तुमचं बुक म्हणते. आज परीक्षा घ्याले येऊन राहिले ते सबनीस साहेब. त्याइनं या कार्डावरून अख्खा लेख लिहिला, की असा पेशंट टेबलावरच जाते. त्याच लेखावर प्रोफेसर झाले. तुमाले पास व्हाचं हाये ना? मंग मेला म्हणा.”

“तुम्ही ओळखत होता त्याला?”

“आमच्याच गल्लीतला. मागावर बसे. एका सुताचे दोन दिसाले लागले, झोक जाऊन राहिले, तं लोक म्हणत दारू पेते. बायको माहेरी निघून गेली.” शालिकरामनं बरणी फडक्यानं पुसली. बाकीच्या बरण्या तो तपासणी असली की पुसत असे. ही दर सोमवारी.

परीक्षेत डॉ. सबनीसांनी नेमकी तीच बरणी उचलली. पुष्पलतानं गाठ सांगितली, फुलकोबी सांगितली, हवेचा एक्स-रे सांगितला.

“आणि रुग्ण?”

पुस्तकातलं उत्तर जिभेवर आलं होतं. चहाचा ट्रे घेऊन उभ्या शालिकरामनं डोळे मिटून मान एका बाजूला टाकली.

“टेबलावरच गेला, सर.”

“शाब्बास! नाहीतर हल्लीची पोरं सांगतात, बरा होतो.” साहेब खुशीत वळले. “काय शालिकराम, तू तर जुना माणूस. मेला ना तो?”

“होय साहेब. मेला बिचारा. लय चांगला माणूस होता.”

साहेबांनी क्षणभर गंभीर होऊन बिस्कीट घेतलं आणि पुष्पलताला पासष्ट मार्क दिले.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो मागे सरला. “राहू द्या. पेढे आणा. तलाठ्यालेही द्या एक.”

“काकाजी, खरं सांगा. तो नक्की मेला होता?”

“बरणी आत घेताना रजिस्टर भरा लागते, बाई. त्याच्यात ‘मृत्यूचं कारण’ असा रकाना हाये. हापिसातले बडेबाबू म्हणे, रकाना कोरा ठेवाची पद्धत नाही.”

एवढं बोलून तो भिंतीला हात लावत पायऱ्या उतरला. अंगणातल्या नळाशी उकिडवा बसला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि नळाखाली मान वाकवली. मागं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केस न उगवलेली घोड्याची नाल होती.