चार प्रश्नांचं पुस्तक

"देव नाहीत, चमत्कार नाहीत. मग इतिहासात उरलं काय? नुसती मेलेली माणसं," सासूबाई मटार सोलता सोलता पुटपुटल्या. हळूच, पण सुनेला ऐकू जाईल इतपत.

सुनेनं मान वर केली नाही. टेबलावर इतिहासाच्या पुस्तकांचे तीन संच होते आणि त्यांतले दोन आज परत पाठवायचे होते. मुली शाळेत जात नव्हत्या, तिच्याकडेच घरी शिकत होत्या. थोरली अकराची, धाकटी सातची.

पहिल्या संचात देव राजाच्या स्वप्नात येऊन लढाईचा दिवस ठरवून देत होता. दुसऱ्यात देव नव्हते, पण पूर्वज देवांच्या वरताण होते, कधी चुकतच नव्हते. तिसरा अगदी साधा, चित्रंही बेताचीच. प्रत्येक धड्याखाली तेच चार प्रश्न. हे कुणी लिहिलं? कधी? त्याला कसं कळलं? लिहून त्याला काय मिळालं?

"हा ठेवू या," ती म्हणाली. "या घरात पुराव्याशिवाय काही शिकवायचं नाही."

"बरं," म्हणत सासूबाईंनी एक रिकामी शेंग पुन्हा सोलली.

पहिल्याच पानावर गृहपाठ होता. घरातला जुना कागद शोधा आणि त्याला हे चार प्रश्न विचारा. धाकटी आपलं लसीचं कार्ड घेऊन आली. थोरली बाबांची पत्रं घेऊन आली.

एकवीस पत्रं, रिबिनीनं बांधलेली. बाबा बोटीवर इंजिन सांभाळायचे. ते शेवटचे घरी येऊन गेले, त्याला दोन वर्षं होत आली होती. बोट हलते, अक्षर नीट येत नाही, म्हणून टाइप करतो, असं पहिल्याच पत्रात होतं. पुढे वाक्यं आखूड होत गेली. कामाचा ताण असेल, असं आई म्हणायची. बरीच पत्रं एकाच ओळीनं संपायची आणि ती ओळ आई दोनदा वाचायची : आईला वेळेवर जेवायला सांगा.

"समोर होता तेव्हा एवढी काळजी कधी केली नाही या माणसानं," असं म्हणत ती ताट पुढे ओढायची. दारामागच्या खुंटीवर त्याचा कोट होता. गेल्याच आठवड्यात तिनं तो धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावला होता.

"दुसरं काहीतरी घे," आई आता म्हणाली.

"का?"

"पत्रं खाजगी असतात."

"इतिहासातली सगळीच पत्रं खाजगी होती. तूच म्हणालीस."

थोरलीनं वरचं पत्र खिडकीच्या उजेडात धरलं. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक फिकट करडी रेघ. धाकटीच्या गणिताच्या कागदांवरही हुबेहूब तशीच होती. घरातला प्रिंटर ती ओढायचा. दुरुस्तीवाल्यानं कधीच हात टेकले होते.

"धाकटे, जा, कुंड्यांना पाणी घाल," आई म्हणाली. ती गेल्यावर आई खुर्ची ओढून थोरलीजवळ बसली.

"पहिली चार मी लिहिली. तो न सांगता गेला गं. बोटीवर आहे की आणखी कुठे, मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघी रोज टपालाची पेटी उघडून बघायचात. मग मला झेपेना, मी थांबले. आणि त्याच महिन्यात त्याचं पत्र आलं." ती किंचित हसली. "उशिरा का होईना, सुचलं त्याला. त्या चारांसाठी मला माफ कर. बाकीची सतरा त्याचीच आहेत. तूच बघ, रेघ पहिल्या चारांवरच असेल."

थोरलीनं रिबीन सोडली. पत्रं एकेक करून टेबलावर मांडली, एकाखाली एक, नुसती डावी कड दिसेल अशी. आईनं तिकडे बघितलं नाही. ती कोटाकडे बघत होती.

सासूबाईंनी मटारांचं भांडं खाली ठेवलं आणि थोरलीकडे बघितलं. "सांगून टाक तिला. आता आणखी किती दिवस?"

"पाचव्यापासूनची मी लिहिली, आई," थोरली म्हणाली. "तू जेवत नव्हतीस."