टोपण

"माझ्या आईशी तुझं पटत नाही, म्हणून आता तुझ्या यंत्राचंही माझ्या यंत्राशी पटेनासं झालं," नवरा म्हणाला. तो हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता आणि ती त्याच्या हाताखाली होती. घरी कोण कोणाच्या हाताखाली होतं, यावर दोघांचं एकमत नव्हतं.

दोघांच्या मध्ये टेबलावर जेलीकाका पडले होते. काका म्हणजे माणसाच्या धडाच्या आकाराचं प्लास्टिकचं खोकं, आत खारट जेली. शरीरात शिरलेल्या रेडिओलहरी काय धिंगाणा घालतात ते काकांच्या आत मोजायचं, म्हणजे जिवंत माणसाला त्रास नको. आज काकांच्या छातीत पेसमेकरची तार बसवली होती. सासूबाईंच्या हृदयात होती तशीच, जुन्या बनावटीची. सासूबाईंच्या पाठीचा आज एमआरआय स्कॅन करायचा होता. स्कॅनच्या मशीनमधल्या लहरी अशी तार गोळा करते आणि टोकाशी ओकते. तिथलं विद्युतक्षेत्र फार वाढलं की हृदय आतून भाजतं.

नवऱ्याच्या परदेशी सेन्सरने क्षेत्र मर्यादेत दाखवलं होतं. तो सेन्सर मखमली पेटीत राहायचा आणि त्याला फक्त प्रमुखाने हात लावायचा, असा नियम प्रमुखानेच केला होता. तिने सुटे भाग जुळवून स्वस्तात बनवलेल्या सेन्सरने तिप्पट दाखवलं. नवरा त्याला टाचणी म्हणायचा.

तिची जिरवायला त्याने पुन्हा मोजायला घेतलं. त्याचा सेन्सर जेलीत उतरताना तिने पहिल्यांदाच जवळून पाहिला आणि विचारलं, याचं टोपण का काढलं नाही?

टोकावर जाड प्लास्टिकचं टोपण होतं, वाटेत मोडतोड होऊ नये म्हणून कारखान्याने बसवलेलं. नवरा म्हणाला, एवढ्या महागाच्या वस्तूचं टोपण कोणी काढतं का, उद्या टोक दुखावलं तर जबाबदार कोण? आल्यापासून ते कधीच काढलेलं नव्हतं. म्हणजे आजवरची सगळी मोजमापं तारेच्या टोकापासून बोटभर लांबून झाली होती, आणि बोटभर लांब गेलं की क्षेत्र पार कोसळतं. हे नवऱ्यालाही ठाऊक होतं. त्याचा चेहरा किंचित उतरला. मग तो म्हणाला, टोपण काढायला वरून लेखी परवानगी लागेल, तोवर आपला निष्कर्ष कायम.

दारात सासूबाई हॉस्पिटलचा गाऊन घालून उभ्या होत्या. भांडण ऐकायला त्या कधी उशिरा पोचत नसत. मुलाने त्यांची समजूत घातली, की हिचं मनावर घेऊ नकोस, हिचा तुझ्यावर जुना राग आहे, चल आत.

तो राग खोटा नव्हता. सासूबाईंनी लग्नापासून तिचा पाणउतारा करायची एक संधी सोडली नव्हती, आणि तिनेही परतफेडीत कधी हयगय केली नव्हती. या बाईंचं तोंड कायमचं बंद व्हावं, असं तिने आज सकाळीच दात घासताना मनात म्हटलं होतं.

सासूबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "काय गं, जाऊ का आत?"

"नको," ती म्हणाली.

सासूबाई मुलाकडे वळल्या. "माझे कपडे आण. मी वाचेन अशी जराशी जरी शक्यता असती, तरी हिने मला स्वतःच्या हातांनी आत ढकललं असतं. ही नको म्हणतेय, म्हणजे ते मशीन खरंच मारणार मला."